चिंच तीन दिवस धुमसत होती

भोंगा बिघडला, म्हणून ताशा घेऊन निघालो.
ग्रामसभेचा ठराव, क्रमांक अकरा :
बांधावर, उकिरड्यावर, दारापुढं
कचरा पेटवायचा नाही होऽ
पेटवला तर पाचशे,
प्लास्टिक असलं तर हजार,
दुसऱ्यांदा सापडला तर नाव फळ्यावर.
ताशावर काडी पडली की आधी कुत्री जमतात,
मग पोरं, मग माणसं.

सुपडाबाई ओट्यावरून म्हणाली,
"हिलाल, मंग आंग धोवानं पानी कसावर तपाडू रे भो?"
म्हटलं, काकू, चुलीला मनाई नाही.
फक्त दुधाच्या पिशव्या घालू नको तीत.
"आनि होयीनं?"
होळी आहे. टायर नाही.
ती हसली.
गेल्या साली टायर माझ्याच पोरानं लोटत आणलं होतं.

जिजाबराव हळू बोलले, मिशीतल्या मिशीत :
चार एकर पऱ्हाटी उभी,
बोंडाबोंडात गुलाबी अळी निजलेली,
मजूर नुसता उपटायला चारशे मागतो
आणि काड्यांची अख्खी पेटी दोन रुपयांत.
ह्याचं काय लिहिलंय तुझ्या ठरावात?

लिहिलंय. कुट्टीचं मशीन, सोसायटीच्या शेडमध्ये,
तासाला सहाशे, डिझेल ज्याचं त्याचं,
नंबर वहीत लावायचा.
वहीत आज सत्तावीस नावं. मशीन एक.
त्याचा पट्टा मंगळवारपासून तुटलेला.
हेही ताशावर सांगायला हवं होतं.
सांगितलं नाही.

ठिबकच्या जुन्या नळ्यांचं सोपं आहे,
वेटोळी करून शाळेमागं टाका,
जळगावचा टेम्पो येतो, किलोवर घेतो.
फवारणीच्या बाटल्या वेगळ्या पोत्यात.
पाचोळा खड्ड्यात, वर शेण, वर माती, वर पाणी.
इतकं पाठ झालंय
की झोपेत बडबडतो, असं बायको सांगते.

एक गोष्ट मात्र ठरावात नाही.

गेल्या चैत्रात, मरीआईच्या चिंचेखालचा कचरा
मीच पेटवला होता.
रोजचंच काम. ऑफिस झाडायचं,
बाजारानंतरचं सगळं बुंध्याशी लोटायचं,
काडी ओढायची, त्याच काडीवर बिडी.
त्या दिवशी बोरीच्या कोरड्या पात्रातून वारा उठला.
चिंच पोकळ आहे, आत घुबड राहतं,
एवढं सगळ्यांना ठाऊक होतं.
पोकळी धुराड्यासारखी ओढते,
हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

बाहेरून झाड हिरवंगार. आतून लाल.
अमळनेरहून आगीचा बंब आला, पाणी मारून गेला,
रात्री कुणी फुंकणी लावल्यासारखी ती पुन्हा फुलली.
तीन दिवस. तीन रात्री.
भाऊसाहेबांनी राखणीला बसवलं, तेही मलाच.
मी घागरी ओतत होतो.
घुबड पाण्याच्या टाकीवर बसून बघत होतं,
मान न वळवता.
लोक म्हणाले, बिडी टाकली असेल कुणी.
मीही म्हणालो,
टाकली असेल.

चौथ्या दिवशी अर्धी चिंच कोसळली.
कुणाला लागलं नाही.
कुणाला लागलं असतं तर बोललो असतो का,
हा हिशेब अजून मांडलेला नाही.

खड्डा तिथंच खणलाय, उरल्या अर्ध्या सावलीत.
पौषातली थंडी. ताशा उतरवून ठेवला,
फावड्यानं वरचा थर उलटला,
वाफ आली.
मनगटापर्यंत हात घातला.
ऊन होतं आत.
केळीची सालं, पाचोळा, कुण्या लग्नातल्या पत्रावळी,
सगळं आतल्या आत शिजत होतं,
धूर नाही, वास मात्र होता.

सुपडाबाई मागून कधी आली कळलं नाही.
तिनंही बांगड्या वर सारून हात घातला.
"गरम शे," म्हणाली.
शे, म्हटलं.
तिला सांगावं वाटलं, ते चिंचेचं.
पण ती हात झटकून निघूनही गेली होती.

उद्या पहिल्या एसटीनं धुळे गाठायचं.
पट्टा आणायचाय.